उगाच काही वाजत नाही



कारकुनी करणाऱ्या माणसाने मोटारीच्या दुरुस्तीवर लिहावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून, कॉलन्यांतून जुन्या गाड्या बऱ्याच आल्या आहेत. नवी गाडी परवडत नाही आणि घरात म्हातारे आईवडील, आजारपण, मुलांच्या परीक्षा, गावाकडची कार्ये असतात. मग ओळखीपाळखीतून कुणी दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी घेतो. गाडी चालते ठीक. पण पहिल्या मालकाने बसवून घेतलेल्या दोन-चार वस्तूही तिच्याबरोबर घरी येतात. त्यांतली एक म्हणजे चोरीचा अलार्म. तो कधी वाजेल याचा काही नेम नाही, अशी तक्रार मी चार-पाच जणांकडून ऐकली आहे. माझी स्वतःचीही तीच तक्रार होती. तिचा छडा कसा लागला, आणि त्या भानगडीत माझ्या हातून कोणती चूक झाली, ही दोन्ही हकीकत आज सांगणार आहे.

आमची गाडी २००६ सालची. मी ती २०२२ च्या जूनमध्ये घेतली. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची आर.टी.ओ.कडून पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागते व ती पाच वर्षांपुरती असते. ते काम आधीच्या मालकाने केलेले होते. आम्ही नाशिकरोडला राहतो. कॉलनीच्या मागून रेल्वेची लाइन जाते. गाडीला शेड नाही. इमारतीच्या भिंतीलगत ती उघड्यावरच उभी असते. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर शेजारीपाजारी माझे दार ठोठावतात. गाडी घेण्यामागे तोही एक हेतू होता.

पहिले वर्ष-सव्वा वर्ष सुखाने गेले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर अलार्म वाजू लागला. कधी पहाटे, कधी संध्याकाळी, कधी आठवड्यातून एकदा, तर कधी एका रात्रीत दोनदा. तीस सेकंद सायरन, चारी इंडिकेटर लुकलुक, मग शांतता. आपण जिना उतरून खाली जावे तर गाडी जशीच्या तशी. वरच्या मजल्यावरच्या गुरुजींना रक्तदाबाचा त्रास. माझी मुलगी बारावीला. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ रात्रपाळी करून सकाळी झोपणारे. प्रत्येकाची झोप मी मोडत होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझी चूक

उत्तर नसले की माणूस आरोपी शोधतो. मीही शोधला. एका संध्याकाळी सातच्या सुमारास अलार्म वाजला. मी धावत खाली आलो, तर मागच्या चाळीतला दहावीत शिकणारा एक मुलगा गाडीपासून दोन हातांवर उभा होता. मी मागचापुढचा विचार केला नाही. चार लोकांसमोर त्याला म्हणालो, “पुन्हा गाडीजवळ दिसलास तर बघ!” तो काही बोलला नाही. मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई घरी आली. ती एका दवाखान्यात आया आहे. रात्रपाळीला निघाली होती, हातात डबा होता. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होतो. पण ती दारातच उभी राहून म्हणाली,

“भाऊ, तुम्ही पाहिलं का त्याला गाडीला हात लावताना?”

“तो तिथंच उभा होता, ताई.”

“उभा होता. हात लावताना पाहिलं का?”

मी पाहिले नव्हते. तसे मला सांगावे लागले. “बरं,” एवढेच बोलून ती ड्यूटीवर गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याला अलार्म कारण नव्हता. कुठे काही हरवले, मोडले की पहिला संशय आपल्याच वस्तीतल्या पोरांवर का घेतला जातो, पुरावा काय, असा सवाल मी वीस वर्षे सभांमधून विचारत आलो आहे. पोलीस चौकीत जाऊन विचारला आहे. आणि माझ्या स्वतःच्या दारात मी काय केले? पुरावा मागायची पाळी त्या माउलीवर आली.

वही घातली

मी बी.कॉम. शिकलेला, हिशेबाच्या टेबलावर काम करणारा माणूस. मोटारीचे यंत्र मला कळत नाही, पण न जुळणारी तेरीज कळते. तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर आम्ही कुणावर ओरडत नाही. फरक किती आहे ते आधी पाहतो. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी. ५४ चे ४५ लिहिले गेले की फरक नऊचा पडतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला पडली असावी. म्हणजे चूकसुद्धा आपली खूण मागे ठेवून जाते. ती वाचायला मात्र नोंदी हव्यात. अलार्मच्या बाबतीत माझ्याकडे एकही नोंद नव्हती. “केव्हाही वाजतो” हे माझे वाक्य म्हणजे केवळ आळस होता.

म्हणून १ नोव्हेंबर २०२३ पासून मी एक शंभर पानी वही घातली. रकाने असे पाडले: तारीख, वेळ, गाडी लॉक करून किती वेळ झाला, हवा कशी होती, आजूबाजूला काय चालले होते, रिमोट कुणाकडे होता. अलार्म वाजला की आधी घड्याळ पाहायचे, मग खाली जायचे. गाडीवर हात फिरवायचा, ती ओली आहे की कोरडी, ते लिहायचे. घरातल्या सगळ्यांना तशी ताकीद दिली. पत्नीला सुरुवातीला हसू आले, पण पहाटेच्या निम्म्या नोंदी तिच्याच अक्षरात आहेत.

अलार्मला नेमके काय कळते?

वही चालू असताना ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसून मी हे यंत्र समजून घेतले. ते फार अवघड नाही. डॅशबोर्डच्या खाली एक छोटा कंट्रोल बॉक्स असतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याच्याकडे चार-पाच वायरी येतात, आणि त्या जे सांगतील ते तो खरे मानतो.

पहिली वायर दरवाजांच्या बटण-स्विचची. दार उघडले की आतला दिवा लागतो, तोच हा स्विच. जुन्या गाड्यांत बहुधा दार उघडताच बटण बाहेर येते आणि वायरीला गाडीच्या पत्र्याचा, म्हणजे अर्थचा स्पर्श मिळतो. दुसरी वायर बॉनेटखालच्या अशाच बटणाची, कधी डिकीचीही. तिसरी वायर धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची. काडेपेटीएवढी डबी असते, तिच्यावर संवेदनशीलता कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. काही महागड्या अलार्मांत आतली हालचाल ओळखणारा सेन्सरही असतो. काच थोडी उघडी राहिली, आरशाला लोंबणारे शोभेचे झुंबर हलले, किंवा सेन्सरजवळ कोळी फिरला तरी तो फसतो. चौथी गोष्ट बॅटरीचे व्होल्टेज, आणि पाचवी रिमोटकडून येणारा संदेश.

म्हणजे दारात पाणी शिरून अर्थ मिळाला तरी कंट्रोल बॉक्सला वाटते, दार उघडले. गंजून बटण अडकले तरी तेच. तो खोटे बोलत नाही; त्याला मिळालेली माहिती चुकीची असते. हे ऐकताना मला माझीच आठवण झाली.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो. बऱ्याच अलार्मांत, वाजून गेल्यानंतर रिमोटने लॉक उघडताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा जास्तीचे टूं-टूं होते. कोणत्या वायरीमुळे अलार्म वाजला, त्याची ती खूण असते. आपल्या अलार्मचे माहितीपत्रक जपून ठेवलेले असेल तर आधी ते पाहावे. आमच्या गाडीचे माहितीपत्रक पहिल्या मालकाबरोबरच गेले होते, म्हणून वहीवर भिस्त ठेवावी लागली.

वहीने काय दाखवले?

तेवीस दिवसांत बावीस नोंदी झाल्या. रविवारी मी त्या टेबलावर मांडल्या आणि खतावणी करावी तशा वेगवेगळ्या खात्यांवर चढवल्या.

बारा नोंदी पहाटे चार ते साडेसहाच्या दरम्यानच्या होत्या. त्या बाराही वेळा गाडी दवाने ओली होती. नाशिकला नोव्हेंबरात पहाटे चांगलाच गारवा असतो आणि उघड्यावरच्या गाडीच्या पत्र्यावर दव साचते. कोरड्या पहाटे एकदाही अलार्म वाजलेला नव्हता.

सहा नोंदींपुढे माझ्या मुलीने “मालगाडी” असे लिहिले होते. भरलेली मालगाडी मागून गेली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी किणकिणतात. त्यानंतर मिनिटाभरात अलार्म.

दोन नोंदी रिमोटच्या. एकदा तो माझ्या खिशात किल्ल्यांबरोबर दाबला गेला होता, एकदा उशीखाली. रिमोटवर सायरन वाजवण्याचे बटण असते, हे मला दीड वर्षाने कळले.

एक नोंद मांजराची. गाडी बाहेरून आली की बॉनेट गरम असते, त्यावर बसायला तिने उडी मारली. हे पत्नीने खिडकीतून डोळ्यांनी पाहिले होते.

बावीसावी नोंद कोणत्याच खात्यात बसली नाही. ती मी वेगळी ठेवली. आजही ती तशीच आहे.

आणि आणखी एक गोष्ट वहीत होती, जिच्यासाठी मी वही घातली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत, १० ते १९ नोव्हेंबर या दहा दिवसांत, तो मुलगा मामाकडे गावी गेलेला होता. त्या दहा दिवसांत अलार्म नऊ वेळा वाजला होता.

मी वही मिटली आणि बराच वेळ तसाच बसलो.

एका वेळी एकच बदल

आता दुरुस्तीकडे वळू. मी आधी गाडीच्या सजावटीचे सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो होतो. तिथे म्हणाले, “सिस्टिमच जुनी झाली, नवीन टाका, साडेचार हजार.” टाकली असती तर बॉनेटचे तेच गंजलेले बटण नव्या डब्याला जोडले गेले असते आणि नवा डबाही पहाटे ओरडला असता.

इलेक्ट्रिशियन मित्राने मला एकच नियम घालून दिला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तीन-चार दिवस वहीत पाहायचे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि अलार्म थांबला, तर कोणत्या गोष्टीमुळे थांबला हे कळत नाही. पुन्हा वाजू लागला तर पुन्हा सगळा पैसा खर्च.

पहिला क्रमांक बॅटरीचा. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली आली तर ती पुरेशी भरलेली नाही. १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या जोडणीचा असू शकतो. थंडीत बॅटरी आणखी दुबळी होते. व्होल्टेज फार खाली गेले की काही अलार्मांचा कंट्रोल बॉक्स बावचळतो आणि विनाकारण सायरन देतो. आमच्या बॅटरीने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच १२.१ दाखवले होते. मी म्हटले, पगार झाला की पाहू.

ही माझी दुसरी चूक. २३ नोव्हेंबरला रात्री दोन वाजता शेजारच्या मावशींना दम्याचा जोर झाला. त्यांचा मुलगा दार ठोठावत आला. मी किल्ली फिरवली. नुसते कट्-कट्, इंजिन काही उठेना. आठवडाभर पहाटे-पहाटे सायरन आणि इंडिकेटर वाजून-लुकलुकून होती ती शक्तीही निघून गेली होती. स्टेशनच्या स्टँडवरून रिक्षा आणेपर्यंत वीस मिनिटे गेली. मावशी बऱ्या झाल्या. पण ती वीस मिनिटे मी विसरलेलो नाही. जी गाडी रात्री उपयोगी पडावी म्हणून घेतली, ती नको तेव्हा ओरडत राहिली आणि हवी तेव्हा गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलली. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुतला, कोरडे करून दहा नंबरच्या पान्याने घट्ट बसवले आणि वरून थोडे पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवले. पुढच्या सहा पहाटेंपैकी चार वेळा अलार्म वाजलाच. म्हणजे बॅटरी दुबळी होती हे खरे, पण पहाटेच्या ओरडण्याचे मूळ ती नव्हती.

दुसरा क्रमांक दवाचा. ओल कुठे शिरत असेल? बॉनेट उघडले. कोपऱ्यातल्या बटण-स्विचवरची रबरी टोपी फाटलेली होती, आतली दांडी गंजून खरखरीत झालेली, आणि तळाशी हिरवट चिकटा जमलेला. आम्ही ते लगेच बदलले नाही. त्याची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि पाच पहाटे वाट पाहिली. दव पडले, अलार्म वाजला नाही. मग खात्री करण्यासाठी वायर पुन्हा जोडली. दुसऱ्याच पहाटे वाजला. आता शंका उरली नाही. नवा स्विच ऐंशी रुपयांचा. बसवण्याआधी पत्र्यावरचा गंज काचपेपरने घासून काढला, कारण त्या पत्र्यातूनच त्याला अर्थ मिळतो. चारी दरवाजांची बटणेही काढून पुसून घेतली.

तिसरा क्रमांक मालगाडीचा. धक्क्याचा सेन्सर शोधला तर तो कुठे घट्ट बसवलेलाच नव्हता. वायरीला लोंबकळत होता, आणि स्क्रू सर्वांत जास्त संवेदनशीलतेवर. त्याला पट्टीने डॅशबोर्डखालच्या लोखंडी दांड्याशी पक्के बांधले. स्क्रू थोडाथोडा कमी केला. कोणत्या बाजूला कमी होते ते डबीवर लिहिलेले असते. प्रत्येक वेळी अलार्म लावून, अर्धे मिनिट थांबून, तळहाताने दाराच्या खांबावर मारून पाहायचे. हलक्या थापेला गप्प आणि जोराच्या ठोशाला वाजला पाहिजे. पूर्ण कमी करू नये. मग अलार्म असून नसल्यासारखा.

या सगळ्या काळात मी रात्री गाडी रिमोटने लॉक न करता किल्लीने करत होतो आणि गियर लॉक लावत होतो. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्मांत किल्लीने लॉक केले तर अलार्म लागत नाही. प्रयोगाच्या रात्री तेवढ्या ठरवून घेतल्या आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले. गुरुजी म्हणाले, “सांगून वाजला तर त्रास कमी होतो.”

वाचकांसाठी टिपण

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी पुढील क्रम ठेवावा.

१. आधी वही. निदान दोन आठवडे वेळ, हवा आणि आजूबाजूची घटना लिहावी.

२. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. बॅटरी वारंवार उतरत असेल तर गाडी बंद असताना किती वीज खर्च होते ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. ती साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असावी. हिशेब सोपा आहे: ०.०५ अँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला महिना लागेल. तीच गळती ०.३ अँपिअर असेल तर पाच दिवसांत खेळ खलास.

३. बॉनेट, दरवाजे, डिकी यांची बटणे एकेक करून तपासावीत. आतला दिवा दार बंद केल्यावर मंद जळत राहत असेल तर दोष तिथेच आहे.

४. रिमोटचा सेल बदलावा. तो खिशात किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवू नये.

५. काही सायरनांच्या आत स्वतःची छोटी बॅटरी असते. ती जुनी झाली की गाडीचे सगळे ठीक असूनही सायरन आपणहून वाजतो. अशा वेळी सायरनच बदलावा लागतो.

६. चिडून वायरी कापू नयेत. बऱ्याच अलार्मांत इंजिन बंद पाडणारा रिले असतो आणि त्याची वायर इग्निशनच्या किंवा पेट्रोल पंपाच्या वायरीत घातलेली असते. तिथला जोड सैल पडला तर चालती गाडी रस्त्यात बंद पडेल. अलार्म नकोच असेल तर माहीतगाराकडून मूळ वायर पक्की जोडून घेऊन काढावा. पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

आणखी एक. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सायरन जवळून शंभराच्या वर जातो. तेव्हा शेजारी तक्रार करत असेल तर तो भांडकुदळ नव्हे. झोप हा त्याचा हक्क आहे. शिवाय रोज खोटा वाजणारा अलार्म खरा वाजेल त्या दिवशी कुणी खिडकीतूनही डोकावणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे.

जमाखर्च

डिसेंबरच्या मध्यापर्यंत गाडी शांत झाली. बॅटरी ३,६०० रुपये, स्विच ८०, रिमोटचा सेल ३०, मजुरी २५०. एकूण ३,९६०. साडेचार हजारांची नवी सिस्टिम घेतली असती तरी यातली बॅटरी घ्यावीच लागली असती.

एक बाजू मात्र राहिली होती. ठपका चार लोकांसमोर ठेवला होता, तेव्हा माफीही चार लोकांसमोरच मागायला हवी, असे पत्नीचे म्हणणे पडले. ते बरोबर होते. रविवारी सकाळी मुले क्रिकेट खेळत होती, मोठी माणसे ओट्यावर पेपर वाचत होती. मी वही घेऊन खाली गेलो, त्या मुलाला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, दोष बॉनेटच्या बटणाचा होता, तुझा नव्हता. मी न पाहता बोललो, माझे चुकले. तो म्हणाला, “असू दे, काका.” मग वही हातात घेऊन त्याने पाने उलटली आणि विचारले, “ही शेवटची एक नोंद कशाची?” मी म्हटले, ती सापडली नाही. “मग ती माझ्यावर नाही ना टाकली?” तो हसत म्हणाला. सगळे हसले. मला हसायला जरा वेळ लागला.

त्याच्या आईला मी संध्याकाळी जाऊन भेटलो. तिने चहा दिला. त्या विषयावर ती काहीच बोलली नाही.

पुढे कितीतरी दिवस तो मुलगा शाळेतून येताना गाडीच्या बाजूने येत नसे. रस्ता ओलांडून पलीकडून जाई. ती नोंद मी वहीत केलेली नाही, पण ती माझ्या नावावर आहे.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, संस्थेत “केव्हाही होते, कसेही होते” असे जे जे वाटते, त्याच्यापुढे आधी तारीख आणि वेळ लिहा. दोन आठवडे लिहा. मग बोला. आपणांपैकी कुणाला अलार्मसंबंधी असा काही अनुभव आला असेल तर पत्राने अवश्य कळवा. पुढील अंकी भेटू.